तारीख कुणाला, चालीरीत कुणाला

संग्रहालयात पाट्या नीट वाचणारी माणसं थोडीच. नजर मूर्तीवरून पाटीवर जाते, पाटीवरून पुढच्या मूर्तीवर, तेवढ्यात बरोबरचं कुणीतरी म्हणतं, चला, अजून वरचा मजला बाकी आहे. पण दहा-पंधरा पाट्या एका दमात वाचल्या, की त्यांच्यातला एक भेद डोळ्यांत खुपायला लागतो. दगडी मूर्तीखाली लिहिलेलं असतं: उमा-महेश्वर, अकरावं शतक, शिलाहारकाळ, बेसॉल्ट, अमुक गावी सापडली. त्याच इमारतीत आदिवासी विभागात एखादा मुखवटा, एखादी गळसरी किंवा भिंतीवरच्या चित्राची नक्कल असते. तिच्याखाली लिहिलेलं असतं, या जमातीत लग्नाच्या वेळी असं चित्र काढतात. कोणी काढलं, कधी काढलं, कुणाच्या लग्नात काढलं, काही नाही. पहिल्या वस्तूला तारीख मिळते, घराणं मिळतं, शैली मिळते. दुसरीच्या वाट्याला येते चालीरीत.

ही वाटणी कुणी एका क्युरेटरने बसून केलेली नाही. विद्यापीठांत कलेतिहासाचा विभाग वेगळा आणि मानववंशशास्त्राचा वेगळा, तशी संग्रहालयांतही दालनं पडत गेली. राजांनी बांधलेलं, दगडात घडवलेलं, लेखात नोंदलेलं ते कलेतिहासाकडे गेलं. शेणानं सारवलेलं, पिठानं रेखलेलं, गाण्यात राहिलेलं ते संस्कृतीकडे. गेली तीस-चाळीस वर्षं या दोन विद्यांची सांगड घालण्याची भाषा होते आहे, परिसंवाद होतात, प्रदर्शनांच्या पुस्तिकांतून जड प्रस्तावना येतात. पण सांगड म्हणजे मूर्तीच्या पाटीवर चार ओळी समाजाविषयी घालायच्या आणि मुखवट्याच्या पाटीवर चार ओळी रेषेच्या सौंदर्याविषयी, एवढाच अर्थ पुष्कळदा निघतो. माझं म्हणणं असं, की प्रश्नांची अदलाबदल केल्याशिवाय ही सांगड बसत नाही. देवळाला चालीरीतीचे प्रश्न विचारायला हवेत आणि लग्नाच्या चौकाला, म्हणजे वारली आदिवासींच्या लग्नात भिंतीवर काढतात त्या चित्राला, तारखेचे.

ठाकुर्लीत राहणाऱ्याला हे तपासून पाहायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या स्टेशनावर जलद गाडी थांबत नाही, पण धीम्या लोकलनं एका दिशेला अंबरनाथचं देऊळ गाठता येतं आणि दुसऱ्या दिशेला भायखळ्याचं संग्रहालय. गाडीही बदलावी लागत नाही. वारल्यांचा डहाणू तालुकाही २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता.

अंबरनाथपासून सुरुवात करू. वालधुनी नदीच्या काठचं हे काळ्या दगडाचं शिवमंदिर म्हणजे आपल्या भागाची कलेतिहासातली मानाची जागा. भूमिज शैली, बाहेरच्या भिंतींवर कोनाड्या-कोनाड्यांतून देवदेवता आणि सुरसुंदरी, उत्तरेच्या दारावरच्या तुळईवर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख. शिलाहार राजा छित्तराजानं सुरू केलेलं काम त्याचा भाऊ मम्वाणी याच्या काळात पुरं झालं असं मानतात. लेखात राजाचं नाव आहे, त्याच्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. पाथरवटांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचला, पुढे भगवानलाल इंद्रजींनी वाचला, आणि वा. वि. मिराशींनी शिलाहारांच्या लेखांच्या मोठ्या ग्रंथात तो घेतला. एवढ्या थोर माणसांची नजर ज्या तुळईवरून फिरली, तिच्याविषयी बोलायचं काही उरलं असेल असं वाटत नाही.

तरी जाऊन उभं राहावं. मंडपातून गाभाऱ्यात जायला वर चढायचं नसतं, वीसेक पायऱ्या खाली उतरायचं असतं. खाली ओल, बेलाची पानं, सांडलेल्या दुधाचा आंबूस वास, आणि डोकं वर केलं तर शिखर वरून उघडं असल्यामुळे थेट आकाश. बाहेरच्या भिंतीवर हाताला येतील त्या उंचीच्या मूर्तींचे गुडघे आणि पोटं झिजून गुळगुळीत झाली आहेत, त्याच्या वरच्या ओळीतल्या मूर्तींची बोटंसुद्धा दिसतात. ही झीज पावसाची कमी आणि माणसांची जास्त. महाशिवरात्रीला इथं लोटणारी गर्दी पाहिली तर त्याचं कारण विचारावं लागत नाही. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आणि देव भक्तांच्या. आणि आसपास? फाळणीनंतर शेजारी सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभं राहिलं, कारखाने आले, वालधुनीचं पाणी काळं पडलं.

यातलं काहीच कलेतिहासाच्या पाटीवर येत नाही. त्या पाटीनुसार १०६० नंतर या दगडाला काही झालेलंच नाही. पण झालेलं पुष्कळ आहे, आणि त्यातली एक घटना तर खुद्द कलेतिहासाच्याच घरातली. १८६८ मध्ये सरकारनं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या टेरी यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन आणि साचे काढणारे कारागीर अंबरनाथला धाडले. त्यांनी देवळाची मोजमापं घेऊन रेखाटनं केली आणि शिल्पांचे प्लास्टरचे साचे उतरवले. मुंबई इलाख्यात देशी शिल्पाकडे अभ्यासाचा नमुना म्हणून पद्धतशीर पाहण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. पूजेतली मूर्ती त्या दिवसापासून चित्रकलेच्या विद्यार्थ्याच्या टेबलावरही येऊन बसली. ज्या सुरसुंदरीला शतकानुशतकं लोकांनी जाता-येता हात लावला, तिची बोटं आता कागदावर अचूक उतरवायची होती. अंबरनाथविषयी प्रदर्शन करायचं झालं तर मी १०६० चा लेख आणि १८६८ ची रेखाटनं समोरासमोर लावीन. देऊळ कुणी बांधलं याबरोबरच देवळाला ‘कला’ कुणी केलं हाही इतिहास आहे, आणि तोही तारीखवार सांगता येतो.

दगडाच्या या दुहेरी आयुष्याचं याहून लखलखीत उदाहरण परळला आहे. १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात तिथं एक अखंड शिळा सापडली. अकरा फुटांहून उंच, फिकट दगडाची, एकातून एक उगवत जाणारे सात शिव आणि पायाशी वादक गण. पाचव्या-सहाव्या शतकातलं हे शिल्प घारापुरीच्या तोडीचं. आज मूळ शिळा परळच्या बारादेवीच्या देवळात आहे, आणि तिची प्लास्टरची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. म्हणजे भक्तांकडे अस्सल आणि अभ्यासकांकडे नक्कल. जगभर बहुतेक ठिकाणी याच्या उलट असतं. संग्रहालयात त्या प्रतिकृतीसमोर उभा राहणारा तिचं सौंदर्य मनसोक्त न्याहाळू शकतो, प्रकाशयोजना चांगली आहे, समोर मोकळी जागा आहे. देवळात गेलेल्याला तेवढी मोकळीक नाही, पण त्याच्यासमोर दगड आहे आणि तो देव आहे. माझ्या मते त्या प्रतिकृतीखालचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर हाच असायला हवा, की मूळ इथं नाही आणि का नाही. एखादं संग्रहालय आपल्या मर्यादेविषयी एवढं सरळ बोलू शकेल अशी जागा दुसरी मिळणं कठीण.

दक्षिण आशियातल्या संग्रहालयांवर कविता सिंग आणि सलोनी माथुर यांनी संपादित केलेल्या पुस्तकाच्या शीर्षकात तीन मनाया आहेत: हात लावू नये, थुंकू नये, प्रार्थना करू नये. संग्रहालयाच्या दारात भक्त प्रेक्षक होतो, निदान व्हावा अशी व्यवस्थापनाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात विष्णूच्या मूर्तीपुढे चपला काढून उभी राहिलेली आजी मी पाहिली आहे, आणि पहारेकऱ्यानं तिला काही न म्हणता तोंड फिरवलेलंही पाहिलं आहे. त्या पहारेकऱ्याला जी समज होती ती पाटी लिहिणाऱ्याला असावी, एवढंच.

आता उलट्या बाजूनं.

वारली चित्राचा इतिहास सांगायची एक ठरावीक तऱ्हा आहे: फार प्राचीन, आदिम, गुहाचित्रांशी नातं सांगणारी कला, जी १९७० च्या दशकात जगापुढे आली. म्हणजे देवळाला शेवटच्या तारखेनंतर काही होत नाही आणि चौकाला पहिल्या तारखेआधी काही होत नाही. योहानेस फाबियान या मानववंशशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांना अभ्यासक आपल्या काळातून उचलून दुसऱ्याच कुठल्या तरी काळात नेऊन बसवतात, हा त्याचा आरोप. तो वारली दालनाला तंतोतंत लागू पडतो.

कागदावरच्या वारली चित्राला मात्र चांगला तारीखवार इतिहास आहे, आणि त्याच्या मधोमध एक मराठी माणूस आहे. भास्कर कुलकर्णी हे मुंबईचे चित्रकार. १९६६ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना बिहारमध्ये पाठवलं. मिथिलेच्या बायका भिंतीवर जे काढत होत्या ते त्यांनी कागदावर काढावं, म्हणजे विकता येईल आणि चार पैसे मिळतील, ही कल्पना. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी डहाणूकडे वळले. तिथं गंजाडमध्ये जिव्या सोमा म्हसे हा तरुण चित्रं काढत होता. लग्न असो-नसो, रोज काढत होता, आणि ते काम बायकांचं मानलं जात असताना पुरुष असून काढत होता. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्याच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. १९८९ मध्ये पॅरिसला पाँपिदू केंद्रानं जगभरच्या कलावंतांना एकत्र मांडणारं जे गाजलेलं प्रदर्शन केलं, त्यात म्हसे होते. ज्योतींद्र जैन यांनी पाच लोककलावंतांवर जे काम केलं त्यात म्हसे होते. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या बरोबरीनं त्यांची चित्रं लागली. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

इथं कलेतिहासानं आपलं काम चोख केलं, यात वाद नाही. नाव दिलं, काळ दिला, हाताची ओळख दिली. म्हशांची रेषा आणि त्यांच्यानंतर बाजारात आलेली हजारो चित्रं यांतला फरक डोळ्यांना कळतो. त्यांचं मासेमारीचं जाळं पाहा. संबंध कागदभर सुईच्या टोकाएवढ्या रेघांनी विणलेलं, जवळ गेलं की नुसता थरथरता पडदा, मागं आलं की त्यात माणसं, मासे, पाणी. हे ‘वारली लोक असं काढतात’ या वाक्यात मावत नाही. हे एका माणसानं काढलेलं आहे.

पण त्याच वेळी हातातून काहीतरी निसटलं. लग्नाचा चौक काढणाऱ्या सवाशिणी या इतिहासात कुठेच नाहीत. चौक म्हणजे नुसती सजावट नव्हे. गेरूनं किंवा शेणानं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून चौकट आखतात, आत पालघट देवी, बाजूला घोड्यावरचा पंचशिऱ्या, सूर्य, चंद्र, फणी, शिडी. धवलेरी गात असते आणि तिच्या गाण्याबरोबर लग्न पुढं सरकतं. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. पाऊस-पाण्यानं, नव्या सारवणानं तो पुसला जातो आणि तो पुसला जाण्यासाठीच असतो. यशोधरा दालमिया यांच्या १९८८ च्या पुस्तकात या सगळ्याचं तपशीलवार वर्णन आहे, पण संग्रहालयाच्या भिंतीवर यातलं पोचतं ते फक्त चौकटीचं नक्षीकाम. बायकांची कला कागदावर आली तेव्हा नाव पुरुषाचं झालं. याचा दोष म्हशांच्या माथी मारण्याचं कारण नाही. कलेतिहासाला एकट्या प्रतिभावंताची सवय आहे, आणि आपल्या सवयीचं माणूस दिसताच त्यानं ते उचललं.

मग सवाशिणींची नावंही लिहा, प्रश्न मिटला, असं कुणी म्हणेल. तो मिटत नाही. चौक काढणारीला तो ‘आपला’ वाटतो का? चौकाखाली आपलं नाव असावं असं तिला वाटेल, की त्यात काही विपरीत आहे असं वाटेल? हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारायचं म्हणजे लग्नाच्या आधी जायचं, लग्नाला थांबायचं, नंतर पुन्हा जायचं. क्युरेटरची नजर इथं उपयोगी पडते ती वेगळ्या कारणानं. दोन चौक शेजारी ठेवले तर एकीचा हात सैल आहे आणि दुसरीचा आखीव, एकीच्या पंचशिऱ्याचा घोडा उंच आहे, दुसरीनं बाजूला चक्क एस.टी. काढली आहे, हे कलेतिहासकारालाच पटकन दिसतं. त्यानं ते दाखवलं, की ‘असं काढतात’ हे वाक्य आपोआप ढासळतं. पाटीवर मग लिहिता येतं: अमक्या पाड्यावर, अमक्या वर्षी, हिच्या लग्नासाठी, तिनं आणि तिच्या नणंदेनं काढला. नाव नको असेल तर नाव नको, पण वर्ष आणि लग्न तरी हवं.

गंमत अशी, की आपल्याच भागात नावाचा हा व्यवहार एके काळी अगदी वेगळा होता. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांमध्ये कल्याणहून आलेल्या दात्यांची नावं आहेत, त्यांत व्यापारी आहेत तसे सोनार आणि लोहारही आहेत. अठराशे वर्षांपूर्वीच्या कल्याणच्या कारागिराचं नाव, गाव आणि धंदा दगडावर वाचता येतो. आणि आपल्या आजीच्या वयाच्या डहाणूच्या बाईनं काढलेलं चित्र ‘पारंपरिक’ एवढ्याच नावानं खपतं.

पश्चिमेकडे या विषयावर बरंच रण माजून गेलं आहे. १९८८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुसान व्होगेल यांनी एका आफ्रिकी प्रदर्शनात मध्य आफ्रिकेतल्या झांडे लोकांचं शिकारीचं जाळं गुंडाळलेल्या अवस्थेत तसंच आणून पांढऱ्या खोलीत ठेवलं. लोकांना ते आधुनिक शिल्प वाटलं. मग ते शिल्प आहे की जाळं, यावर तत्त्ववेत्ते आणि मानववंशशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले. आल्फ्रेड गेल यांचा त्यावरचा निबंध अजूनही वाचण्यासारखा आहे. त्याच १९८८ मध्ये जेम्स क्लिफर्ड यांनी वस्तू ‘कला’ या खणातून ‘संस्कृती’च्या खणात आणि परत कशा सरकतात याची आकृती काढून दाखवली. हे सगळं उपयोगाचं आहे. पण मराठी वाचकाला हा विचार बाहेरून आयात केल्यासारखा वाटायचं काही कारण नाही. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ मध्ये ‘लज्जागौरी’त नेमकं हेच केलं होतं. शिर नसलेल्या, उत्तान बसलेल्या त्या मूर्तीला मूर्तिशास्त्राच्या पुस्तकांनी बाजूला ठेवलं होतं. ढेऱ्यांनी तिला वारुळाशी, भूदेवीशी, रेणुकेशी, बायकांच्या व्रतांशी जोडून दाखवलं. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि तिवाठे पायी तुडवत शेंदूर फासलेल्या दगडांची वंशावळ शोधत होते, ते त्याही आधी. दोघेही संग्रहालयाचे नोकर नव्हते. कदाचित म्हणूनच त्यांना हे जमलं.

दुर्दैव असं, की त्यांची पुस्तकं दालनांत शिरली नाहीत. याची परीक्षा घ्यायची असेल तर गधेगळ घ्यावा. कोकण-ठाण्याच्या पट्ट्यात शिलाहारांच्या काळातले हे दान-शासनाचे दगड ठिकठिकाणी सापडतात. वर सूर्य-चंद्र, मधे लेख, आणि खाली गाढव आणि स्त्री यांचं संभोगदृश्य. दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्याच्या आईला दिलेली ही शिवी आहे, चित्रात कोरलेली. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा दगड, ज्याला पुष्कळ अभ्यासक मराठीतला सर्वांत जुना तारीखवार लेख मानतात, तो गधेगळच. म्हणजे मराठीच्या अभिमानाच्या यादीत जो पहिला मान, त्याच्या पायथ्याशी हे दृश्य. भाषेचा इतिहास लिहिणारे वरची अक्षरं वाचतात आणि खालच्या भागाकडे काणाडोळा करतात. मूर्तिकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्यात सौंदर्य दिसत नाही. गावात तर काही ठिकाणी हाच दगड शेंदूर लावून देव म्हणून पुजला जातो, खालचं चित्र मातीत गाडलेलं असतं किंवा ऑइलपेंटच्या थरांखाली बुजलेलं असतं, त्यामुळे कुणाला अडचण येत नाही.

असा दगड दालनात उभा केला तर त्याखाली काय लिहायचं? ‘शापवचनाचं शिल्प’ असं मोघम लिहून सुटता येतं, आणि शाळेच्या सहली येतात म्हणून बहुतेक ठिकाणी तसंच लिहिलं जाईल. पण संस्कृतिविचाराचं खरं काम इथंच आहे. एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाची जमीन घेऊ नये म्हणून धाक घालायचा, आणि त्यासाठी देह वापरायचा घेणाऱ्याच्या आईचा. तो करार आहे, कायदा आहे, आणि त्याची जामीन बाई आहे. हे आठवीच्या मुलीला सांगता येत नाही असं मला वाटत नाही. रस्त्यावर ती रोज तीच शिवी ऐकते, फक्त तिला ती हजार वर्षं जुनी आहे हे ठाऊक नसतं. मात्र हे सांगताना कलेतिहासही सोडून चालणार नाही. कोरीवकाम कुठल्या हाताचं, सूर्य-चंद्र वीरगळांवरच्या सूर्य-चंद्रासारखे आहेत का, लेख आधी कोरला की चित्र आधी, हे पाहिल्याशिवाय नुसता निषेधाचा फलक लावला तर दगड पुन्हा अदृश्य होतो. या वेळी आपल्या मतांच्या थराखाली.

थिअरीची ही खोड मला आवडत नाही. अलीकडच्या प्रदर्शनांत भिंतीवरचा मजकूर वाचला की देह, स्मृती, सत्ता, अस्मिता हेच चार शब्द मूर्तीलाही चिकटलेले असतात आणि मांडणशिल्पालाही. कुठलीही वस्तू काढून तिथं दुसरी ठेवली तरी मजकूर तसाच चालेल. कलेतिहासकाराचा हट्टीपणा अशा वेळी औषधासारखा असतो. तो म्हणतो, आधी सांगा दगड कुठला.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय या बाबतीत पाहण्यासारखं आहे. १८७२ मध्ये उघडलेलं, तेव्हाचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव लाभलेलं. अंबरनाथचा लेख वाचणारे तेच हे भाऊ दाजी. तिथं मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत: जातीजातीच्या पगड्या, धंदेवाल्यांची हत्यारं, पेहराव. कारागिरी अशी की तासभर हलू नये. आणि तरीही त्या बाहुल्या म्हणजे इंग्रज राजवटीनं केलेली माणसांची खानेसुमारी. या पगडीचा तो या जातीचा, असं पाहून ओळखता यावं म्हणून घडवलेली. जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा संचालक तस्नीम झकारिया मेहता यांनी बाहुल्या हलवल्या नाहीत. त्यांनी सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट यांच्यासारख्या आजच्या कलावंतांना जुन्या कपाटांच्या मधे जागा दिली. काही प्रदर्शनं जमली, काही ओढूनताणून बसवल्यासारखी वाटली. पण जुन्या संग्रहाला प्रश्न विचारायचा तर तो बाहेर परिसंवादात नको, कपाटाशेजारीच विचारायचा, ही पद्धत पडली. बाहेर आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले, ते पुढे जोडून उभे केले. जोडांच्या रेषा अजून दिसतात. त्या रेषांइतका बोलका मजकूर कुठल्याही पाटीवर लिहिता यायचा नाही.

आणि आमची ठाकुर्ली? कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, नाटकाची हौस इथं दांडगी आहे. उद्या कुणी या परिसराचं एखादं दालन काढायचं मनावर घेतलं, तर पहिला मोह होईल तो शिलाहारांच्या दगडांचा. दुसरा रेल्वेचा. १९२५ मध्ये मुंबईत पहिली विजेची गाडी धावली, आणि पुढे जी. आय. पी. रेल्वेनं इथंच, चोळे गावात, जे पॉवर हाऊस उभारलं त्यानं घाटावर जाणाऱ्या गाड्यांना वीज पुरवली. त्याच्या भट्ट्या कधीच थंडावल्या. बावन चाळीतल्या रेल्वे कामगारांच्या पिढ्यांना ते ‘पॉवर हौस’ म्हणूनच आठवतं. चोळे, कांचनगाव, खंबाळपाडा ही इथली मूळ आगरी गावं. त्यांच्या लग्नातही धवलारीण गाते, जशी वारल्यांत धवलेरी. टर्बाइनचा एखादा सुटा भाग मिळाला तर त्याखाली अश्वशक्ती आणि इंग्लंडातल्या कंपनीचं नाव लिहिलं जाईल, आणि धवलारिणीच्या फोटोखाली ‘आगरी समाजात लग्नात गाणी म्हणतात’. पुन्हा तीच वाटणी. टर्बाइनलाही रीत असते. भट्टीवर कोण उभं राहायचं, पाळी किती तासांची, जमीन कुणाची गेली आणि तिचे पैसे कधी मिळाले. धवलारिणीलाही तारीख असते. ती कुणाकडे शिकली, तिच्या गाण्यात पॉवर हाऊस, लोकल, बिल्डर हे कधी शिरले.

हे सगळं ठरतं ते पाटी लिहिताना नव्हे. ते ठरतं त्याच्या बऱ्याच आधी, ॲक्सेशन रजिस्टरमध्ये. वस्तू आली की तिथं क्रमांक पडतो, मग साहित्य, मापं, अवस्था, आणि ‘कुणाकडून’ या रकान्यात एकच शब्द: देणगी, खरेदी, जप्ती. पाया खोदताना मूर्ती निघाली तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची चीज कलेक्टरला कळवावी लागते. ती रक्कम आजही दहाच आहे. त्या कळवण्याच्या कागदात मूर्ती पहिल्यांदा कुणाला दिसली, तिथं आधी काय होतं, गावानं तिला दोन दिवस काय म्हटलं, हे लिहायला जागा नसते. चोळ्यातल्या एखाद्या घरातून जातं आणलं, तर ते घर कुठल्या साली पाडलं, जात्यावर शेवटची हळद कुणाच्या लग्नाची दळली, देताना घरच्यांनी काही अट घातली का, हे त्याच दिवशी लिहून घ्यावं लागतं. चार रकाने जास्त छापायचे आणि ते भरायला एक माणूस नेमायचा. उद्घाटन झाल्यावर त्या माणसाचं पद कुणी मंजूर करत नाही, म्हणून ते आधीच मागून घ्यावं.